ट्वेंटीनाइन पाम्सचा १९५० च्या दशकातला टोपो नकाशा: पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

ट्वेंटीनाइन पाम्स हे मोहावी वाळवंटाच्या दक्षिण कडेचं गाव, लॉस एंजेलिसहून गाडीने साधारण सव्वादोनशे किलोमीटर पूर्वेला. उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास. शेजारच्या कोचेला खोऱ्यापेक्षा हा पट्टा बराच वर आहे, म्हणून तिकडे याला 'हाय डेझर्ट' म्हणतात. जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान पाहायला निघालेले बहुतेक लोक इथे पेट्रोल भरतात, पाण्याचे कॅन घेतात आणि पुढे जातात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींचा तर हा लाँग वीकेंडचा ठरलेला पल्ला.

या गावाचा १९५० च्या दशकाच्या मध्यातला टोपोग्राफिक, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा, नकाशा अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने, म्हणजे यूएसजीएसने काढलेला आहे. जुने नकाशे वाचायला शिकायचं असेल तर मी हाच सुचवेन. सह्याद्रीच्या शीटवर रेषांची इतकी गर्दी असते की नवखा माणूस भांबावतो. इथे कागद बराचसा मोकळा आहे आणि त्यावरची जवळपास प्रत्येक खूण कशासाठी आहे ते शोधता येतं. एकाच कागदावर दोन वस्त्याही दिसतात. एक पाण्यामागे आणि सोन्यामागे गेलेली, तर दुसरी सरकारी कायद्याने रेघा आखून बसवलेली. या दोन्ही वेगळ्या ओळखता येऊ लागल्या की नकाशा वाचता येतो असं समजायला हरकत नाही.

नकाशा मिळवा

पैसे लागत नाहीत आणि परवानगीही लागत नाही. यूएसजीएसने १८८४ ते २००६ या काळातले पावणेदोन लाखांहून जास्त जुने नकाशे स्कॅन करून 'टोपोव्ह्यू' या संकेतस्थळावर ठेवले आहेत. तिथे गावाचं नाव टाका, वर्ष १९५० ते १९६० असं बांधून घ्या आणि प्रमाण १:६२,५०० निवडा. या प्रमाणाच्या शीटला '१५ मिनिटांची शीट' म्हणतात, कारण ती १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा भाग व्यापते (एक अंश म्हणजे ६० मिनिटं). या अक्षांशावर ते उत्तर-दक्षिण सुमारे २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २३ किलोमीटर भरतं. गावाची शीट ३४° ते ३४°१५′ उत्तर आणि ११६° ते ११६°१५′ पश्चिम या चौकटीतली. जोशुआ ट्री नावाचं गाव तिच्या पश्चिमेच्या शीटवर आहे, तेव्हा तीही उतरवून घ्या.

एकाच शीटच्या दोन-तीन प्रती दिसल्या तर गोंधळू नका. सर्वेक्षण एकच, छपाई वेगवेगळ्या वर्षीची. सर्वांत जुनी छपाई घ्या.

फाइल कोणती? नुसतं पाहायचं असेल तर जेपीईजी पुरेशी आहे. गूगल अर्थवर पसरायची असेल तर केएमझेड. फोनवर नेऊन स्वतःचं ठिकाण त्यावर पाहायचं असेल तर जिओपीडीएफ, ती अवेन्झा मॅप्ससारख्या ॲपमध्ये उघडते. संगणकावर नीट काम करायचं असेल तर जिओटिफ घ्या आणि क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. माझ्या मते पहिल्या दिवशी यातलं काहीच करू नका. जेपीईजी मोठ्या कागदावर छापून घ्या आणि टेबलावर पसरा.

आधी काठ वाचा

नवशिके थेट गाव शोधायला लागतात. त्याआधी दहा मिनिटं नकाशाच्या पांढऱ्या काठावर घालवा. खालच्या डाव्या कोपऱ्यातला बारीक मजकूर फार कामाचा असतो. हवाई छायाचित्रं कोणत्या वर्षी घेतली, जागेवर जाऊन पडताळणी कोणत्या वर्षी झाली, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत) कोणतं आणि डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) कोणता, हे सगळं तिथे छापलेलं असतं. ही वर्षं वहीत लिहून ठेवा. नकाशावर ठळक अक्षरात असलेलं वर्ष आणि छायाचित्रांचं वर्ष यांत बरेचदा दोन-चार वर्षांचं अंतर असतं. या भागात १९५० च्या दशकात घरं इतक्या वेगाने उभी राहिली की तेवढ्या काळातही चित्र पालटलं.

मधोमध खाली तीन गोष्टी असतात: प्रमाण, अंतराच्या पट्ट्या आणि दोन समोच्च रेषांमधलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषांमधलं, उभं अंतर. हे उभं अंतर फुटात असतं. वाळवंटी भागातल्या या प्रमाणाच्या शीटवर ते बहुधा ४० किंवा ८० फूट. सपाट जागी मधेच तुटक तपकिरी रेषा दिसल्या तर त्या अधल्यामधल्या उंचीच्या पूरक रेषा असतात, आणि त्यांचं अंतरही तिथेच दिलेलं असतं.

त्याच ओळीत उत्तरेच्या बाणांची छोटी आकृती असते. चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती अंश पूर्वेला होती ते तीत दिसतं. त्या काळी या भागात ते साधारण साडेचौदा-पंधरा अंश होतं, आज अकराच्या आसपास आहे. होकायंत्र घेऊन निघणार असाल तर छापलेला आकडा वापरू नका, आजचा शोधून घ्या. साडेतीन-चार अंशांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण पाच किलोमीटर चालल्यावर तोच तुम्हाला तीनशे मीटर बाजूला नेऊन सोडतो.

प्रमाण बोटांत बसवा

१:६२,५०० म्हणजे कागदावर १ सेंटिमीटर, जमिनीवर ६२५ मीटर. एक इंच म्हणजे जवळजवळ एक मैल. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० च्या शीटची सवय असेल तर इथली अंतरं डोळ्याला नेहमी कमी वाटतात. म्हणून सुरुवातीला पट्टी जवळ ठेवा. दुसरा फरक उंचीचा. आपल्या शीटवर उंची मीटरमध्ये, इथे फुटांत. तीनशे फूट म्हणजे साधारण ९० मीटर एवढं डोक्यात ठेवलं तरी काम भागतं.

आता गावापासून नैर्ऋत्येला, क्वीन माउंटनकडे जा. गाव दोन हजार फुटांवर, डोंगरमाथा ५,६०० फुटांहून वर. मधलं अंतर सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. हा डोंगर तिच्याहून थोडा उंचच भरतो, पण इथे पायथाच सहाशे मीटरवर आहे. तपकिरी रेषांमधली प्रत्येक पाचवी रेषा ठळक असते आणि तिच्यावर आकडा असतो. गावाकडून डोंगराकडे बोट सरकवत हे आकडे मोठ्याने वाचा. आधी रेषा विरळ, मग एकदम दाट. जिथे त्या दाट होतात तिथे खडकाळ डोंगर सुरू होतो.

डोंगराच्या पायथ्याशी आणखी एक आकार दिसेल. रेषा उताराच्या दिशेने बाहेर फुगलेल्या, अर्धवर्तुळासारख्या. शाळेच्या भूगोलातलं पंखाकृती मैदान ते हेच. घळीतून आलेला गाळ तोंडाशी पसरून बनलेलं. अशी अनेक मैदानं एकमेकांना भिडली की सगळा पायथा एकसलग उताराचा होतो. गावातली बरीच घरं अशाच उतारावर आहेत आणि हे पुढे ओढे वाचताना लागणार आहे.

इथेच नकाशाची मर्यादाही समजून घ्या. शीटच्या दक्षिण भागातल्या बार्कर डॅम या छोट्या धरणाच्या उत्तरेला 'वंडरलँड ऑफ रॉक्स' नावाचा ग्रॅनाइटच्या प्रचंड धोंड्यांचा चक्रव्यूह आहे. रेषांमधलं अंतर ४० फूट धरलं तरी ३५ फुटांची उभी भिंत दोन रेषांच्या मधे सहज गडप होते. कागदावर दोन बिंदूंमधला भाग सौम्य दिसतो, प्रत्यक्षात हाताने चढल्याशिवाय सरकता येत नाही. १९४७ च्या अमेरिकन अचूकता मानकानुसार तपासलेल्या बिंदूंपैकी ९० टक्क्यांची उंची रेषांतराच्या निम्म्याच्या आत बरोबर असावी लागते. म्हणजे ४० फूट अंतराच्या शीटवर २० फुटांची चूक ही नियमात बसणारी चूक आहे. या भागातून जायची वाट समोच्च रेषांवरून ठरवू नका.

निळ्यावर विश्वास ठेवू नका

भारतीय टोपोशीटवर शिकलेल्या माणसाला हा सगळ्यात मोठा धक्का. आपल्याकडे कोरडे ओढे काळ्या रेषेने आणि पाणी असलेले निळ्या रेषेने दाखवतात, त्यामुळे निळं दिसलं की पाणी असं डोळ्यात बसलेलं असतं. यूएसजीएसच्या नकाशावर कोरडा ओढाही निळाच. फक्त रेषा तुटक असते, एक डॅश आणि मधे तीन ठिपके. ट्वेंटीनाइन पाम्सच्या शीटवर अशा रेषांचं जाळं आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांत वर्षातले मोजकेच तास पाणी असतं.

या रेषांच्या मागे जा, मजा येते. आपल्याकडे ओढे एकत्र होत होत नदी मोठी होते. इथे उलटं. डोंगरातून एक ओढा बाहेर पडतो, पंखाकृती मैदानावर त्याचे फाटे फुटतात आणि थोड्या अंतरावर रेषाच संपते. पाणी वाळूत मुरलं. जे उरतं ते सखल भागातल्या कोरड्या तळ्याकडे, मेस्किट लेककडे उतरतं. इथलं पाणी समुद्राला मिळत नाही. 'लेक' हे नाव आणि ठिपक्यांनी भरलेला आकार पाहून तिथे तळं शोधू नका. तो प्लाया आहे, चिकणमातीचा तडकलेला तळ.

तुटक निळी रेषा रस्त्याला ओलांडते त्या जागांवर पेन्सिलने खूण करा. जुलै ते सप्टेंबर इथे मान्सूनी वादळं येतात, आणि दूर डोंगरात पडलेला पाऊस गावात आकाश निरभ्र असताना याच रेषांवरून लोंढा बनून उतरतो.

मग खरं पाणी कुठे? झरा, विहीर, टाकी अशी अक्षरं शोधा. गावात ओएसिस ऑफ मारा आहे. सेरानो आणि नंतर चेमेह्युएवी या मूळ अमेरिकन जमातींचे लोक इथे राहत होते, आणि गावाचं नाव इथल्याच ताडांवरून पडलं. गावाच्या नैर्ऋत्येला डोंगराच्या कुशीत फोर्टीनाइन पाम्स ओएसिस आहे. मारा ओएसिसला पाणी मिळतं ते पिंटो माउंटन प्रस्तरभंगामुळे, म्हणजे खडकातल्या लांब भेगेमुळे. भंगाच्या रेषेवर भूजल अडतं आणि वर येतं. टोपो नकाशावर प्रस्तरभंग दाखवलेला नसतो, पण डोंगरांच्या सरळ कडा आणि झऱ्यांच्या जागा पट्टीने जोडून पाहा. तो कुठून जातो याचा अंदाज यायला लागतो.

पहिली वस्ती ही. ताडांजवळची जागा, दक्षिणेला डोंगरातली किज रँच, बार्कर डॅम, डेझर्ट क्वीन खाण. बार्कर डॅम गुरांच्या पाण्यासाठी १९०० च्या सुमारास बांधला गेला आणि किज रँचचे मालक बिल किज यांनी तो १९४९-५० मध्ये उंच केला. ही सगळी ठिकाणं वेडीवाकडी विखुरलेली आहेत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटाही घळींप्रमाणे वळतात. कुठेही सरळ रेषा नाही.

लाल जाळी आणि काळे चौकोन

आता डोंगर सोडून सपाट भागात या. सगळीकडे लाल रेषांची चौकटींची जाळी दिसेल. प्रत्येक चौकट सुमारे एक मैल बाजूची, म्हणजे ६४० एकर. तिला 'सेक्शन' म्हणतात. असे ३६ सेक्शन मिळून सहा मैल बाजूची 'टाउनशिप' होते. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतो, पश्चिमेकडे ६ पर्यंत जातो, खालच्या ओळीत ७ पासून परत पूर्वेकडे येतो आणि असा नागमोडी जात आग्नेय कोपऱ्यात ३६ वर संपतो. काठावर टी. १ एन., आर. ९ ई. अशी अक्षरं असतात. त्याचा अर्थ आधाररेषेच्या उत्तरेला पहिली आणि मुख्य रेखावृत्ताच्या पूर्वेला नववी टाउनशिप. तिकडच्या जमिनीच्या कागदांवर हाच पत्ता चालतो. आपल्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरसारखा, फक्त तो वाचून जागा थेट नकाशावर सापडते.

हे सगळं मोजलं गेलं सॅन बर्नार्डिनो पर्वतावर १८५२ मध्ये ठरवलेल्या आरंभबिंदूपासून. तिथून निघालेली आधाररेषा या शीटमधून गावाच्या थोडी दक्षिणेने जाते. सॅन बर्नार्डिनो शहरातला 'बेसलाइन' रस्ता याच रेषेवर आहे. तिकडे राहणाऱ्यांनी तो रोज ओलांडलेला असेल.

लाल रेषा अखंड असेल तर तिची जागा विश्वासार्ह, तुटक असेल तर अंदाजे. जमिनीच्या हद्दीचा वाद मिटवायला हा नकाशा वापरू नये, हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

आता काळे चौकोन. भरीव काळा चौकोन म्हणजे राहतं घर. पोकळ किंवा रेघांचा चौकोन म्हणजे गोठा, गोदाम असली इमारत. वर झेंडा असेल तर शाळा, क्रॉस असेल तर चर्च. गावापासून थोडं बाहेर, खास करून पूर्वेकडे जा. झरा नाही, विहीर नाही, दुकान नाही, आणि तरी चौकोन सुट्टे सुट्टे, जवळपास सारख्या अंतरावर उभे.

याचं कारण १९३८ चा स्मॉल ट्रॅक्ट कायदा. शेतीला निरुपयोगी ठरलेली केंद्र सरकारची जमीन पाच एकरांपर्यंतच्या तुकड्यांत लोकांना भाड्याने देता येऊ लागली. ठरलेल्या मुदतीत छोटी खोली बांधली की तो तुकडा विकत घेता येई. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या लोकांनी या तुकड्यांसाठी झुंबड उडवली. वीकेंडची खोली, थोडी मोकळी हवा आणि स्वतःच्या नावावर जमीन. या खोल्यांना 'जॅकरॅबिट होमस्टेड' असं नाव पडलं. पाणी बहुतेकांनी गाडीतून वाहून आणलं. १९७६ मध्ये हा कायदा रद्द झाला.

हिशोब करून पाहा. पाच एकरांचा नेहमीचा तुकडा ३३० फूट बाय ६६० फूट. एका सेक्शनमध्ये असे १२८ तुकडे बसतात. नकाशावर एक तुकडा म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर बाय सव्वातीन मिलिमीटर. भिंग घ्या, एक सेक्शन निवडा आणि चौकोन मोजा. मग शेजारचा सेक्शन. एकात बरेच आणि लगतच्यात एकही नाही असं दिसलं तर जमीन तशीच असताना हा फरक कशाने पडला असेल याचा विचार करा. बहुधा सरकारने कोणता सेक्शन वाटायला काढला होता यावर ते ठरलेलं असतं. ही दुसरी वस्ती पाण्याने ठरवलेली नाही, रेघेने ठरवलेली आहे. रस्तेही तसेच: काटकोनात वळणारे, ओढा आला तरी न वाकणारे. पंखाकृती मैदानावरचे फाटे आणि हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या जागा मघाच्या पेन्सिलच्या खुणांशी जुळवून पाहा.

सीमारेषाही तपासा. शीटच्या दक्षिण भागात जोशुआ ट्री आहे, पण तेव्हा ते राष्ट्रीय उद्यान नव्हतं. १९३६ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून ते राखलं गेलं, १९५० मध्ये खाणकामासाठी त्यातून मोठा भाग काढून घेतला गेला आणि उद्यानाचा दर्जा १९९४ मध्ये मिळाला. त्यामुळे त्या दशकातली हद्द आजच्या हद्दीशी जुळत नाही. गावाच्या उत्तरेला अमेरिकी सैन्याच्या मरीन कोअरचा तळ १९५२ पासून आहे. तळाच्या हद्दीत पाऊल टाकू नका, तिथे न फुटलेला दारूगोळा असू शकतो.

आजच्या चित्रावर ठेवून पाहा

कागदावर हात बसला की संगणकाकडे वळा. जिओटिफ क्यूजीआयएसमध्ये उघडा, खाली उपग्रहाचं चित्र घ्या आणि नकाशा अर्धपारदर्शक करा. फाइलला स्वतःचं स्थान ठाऊक असतं, त्यामुळे दोन्ही चित्रं बऱ्यापैकी जुळतात.

घोळ होतो तो नकाशाच्या काठावरून आकडे हाताने वाचून जीपीएसमध्ये भरताना. जुना नकाशा १९२७ च्या उत्तर अमेरिकन डेटमवर आहे आणि फोन डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या डेटमवर. या भागात जुने अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरले तर तुम्ही साधारण ८० मीटर पूर्वेला पोहोचता. यूटीएमचे (मीटरमध्ये मोजलेल्या चौकटींचे) आकडे भरले तर घसरण आणखी मोठी, सुमारे २०० मीटर दक्षिणेला. पाच एकरांच्या तुकड्याची अरुंद बाजू १०० मीटर आहे हे आठवा. शोधताय एका खोलीचा पाया आणि उभे आहात भलत्याच माणसाच्या आवारात, असं होऊ शकतं. फोनच्या ॲपमध्ये डेटम बदलायची सोय असते, ती आधी शोधून ठेवा. डेटम बरोबर असला तरी या प्रमाणाच्या नकाशावर ३० मीटरच्या आसपास इकडेतिकडे होणं हे अपेक्षितच आहे.

तुलनेला १९७० च्या दशकातल्या १:२४,००० च्या शीटही घ्या. १५ मिनिटांच्या एका शीटच्या जागी त्यांच्या चार शीट लागतात. त्या मालिकेतल्या शीटवर कुठे जांभळा रंग दिसला तर ती नंतर हवाई छायाचित्रांवरून केलेली भर समजा, जागेवर न जाता केलेली. २००९ पासूनच्या नव्या 'यूएस टोपो' मालिकेत सुटी घरं दाखवतच नाहीत. त्यामुळे चौकोन कुठे वाढले, कुठे गेले हे पाहायला जुन्याच शीट लागतात. एक सेक्शन निवडून दोन्ही काळांतले चौकोन मोजायचे आणि उपग्रहचित्रात त्यातलं काय उरलंय ते पाहायचं, हा सराव मी सगळ्यांना सुचवतो. कुठे छप्पर उडालेल्या भिंती दिसतात, कुठे नुसती चौथऱ्याची फिकट खूण, तर कुठे रंगवून भाड्याने दिलेली नवी खोली.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

ऑक्टोबर ते एप्रिल या काळात जा. जुन्या नकाशावरची दुहेरी तुटक रेषा म्हणजे त्या काळची कच्ची वाट. ती आज वाळूखाली गेलेली असू शकते किंवा कुणाच्या कुंपणात. साधी गाडी तिच्यावर घालू नका. नकाशावरच्या झऱ्याच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नका, उद्यानाच्या बहुतेक भागात पिण्याचं पाणी मिळत नाही. दर माणशी दिवसाला किमान चार लिटर, चालणार असाल तर त्याहून जास्त.

खाणींच्या खुणा ओळखून ठेवा. एकमेकांवर ठेवलेल्या दोन कुदळी म्हणजे उघडी खाण, छोटी फुली म्हणजे खनिज शोधायला घेतलेला खड्डा, इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण म्हणजे आडव्या बोगद्याचं तोंड, अर्धा भरलेला चौकोन म्हणजे उभी विहिरीसारखी खाण. शेवटची सर्वांत धोक्याची. लाकडी आधार कुजलेले असतात आणि कडेची जमीन आतून पोकळ असू शकते. दुरून पाहा, आत डोकावू नका, मुलं बरोबर असतील तर त्या बाजूला नेऊच नका.

रिकाम्या दिसणाऱ्या खोल्याही कुणाच्या तरी मालकीच्या आहेत. रस्त्यावरून फोटो काढा आणि पुढे जा. नकाशाची छापील प्रत जवळ ठेवा, कारण डोंगरात फोनला रेंज नसते. गावातून निघताना टाकी भरून घ्या. उद्यानाच्या आत पेट्रोल पंप नाही.